सत्तेचाळीस नंबरचा धूर

ता. ३, सोमवार

सगळ्यांत आधी कोण आलं, तर डबीवाली बाई. माझी पेटी अजून जिन्यातच होती, भिंगरी ती ओढत होती, मी कठडा धरून धापा टाकत होते, आणि ही बाई वरच्या पायरीवर उभी, हातात साबणाच्या वडीएवढी डबी. तिच्यामागून मोठे साहेब. उंच इतके की दारातून आत येताना सवयीनंच मान खाली घातली. दोघंही भिंगरीच्या ऑफिसातली. पाणीसुद्धा नको म्हणाले, पण मला बघून इतके खूश झाले की माझ्या लग्नातही माझी एवढी विचारपूस झाली नव्हती.

साहेबांनी विचारलं, आजी, डोळे कसे आहेत, हात थरथरतो का. मी तोंडानं उत्तर दिलंच नाही. पिशवीतून सुई काढली, दोरा काढला आणि उभ्या उभ्या त्यांच्या नाकासमोर ओवून दाखवला, तोही चष्म्याशिवाय. साहेब भिंगरीकडे बघून म्हणाले की जमेल. काय जमेल ते कुणी सांगितलं नाही. डबीवाली भिंतीभिंतीजवळून डबी फिरवत राहिली. हवेत धूळ किती, धूर किती, ते म्हणे त्या डबीला कळतं. मी म्हटलं, बाई, माझ्या गुडघ्याला लावून बघ, तिथं काय काय साठलंय ते तरी कळू दे. साहेब हसले. ती हसली नाही.

भिंगरी म्हणजे माझ्या लेकीची लेक. लहानपणापासून पायाला भोवरा, म्हणून भिंगरी. तिच्या पहिल्या झबल्यापासून कॉलेजच्या कपड्यांपर्यंत सगळं मी शिवलंय. मला न्यायला ती स्वतः आली. दोन दिवस राहिली. माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली, झोपेतसुद्धा माझं बोट सोडलं नाही. म्हणाली, आजी, आता एकटी राहायचं नाही, माझ्याकडे चल. हे गेल्यापासून मला असं कुणी म्हटलंच नव्हतं. लेकीनंही फोनवर जा जा केलं. गल्लीत सगळ्यांना सांगून निघाले. ज्यांना सांगायचं राहिलं त्यांना बसच्या खिडकीतून ओरडून सांगितलं.

ही वही भिंगरीनंच दिली. म्हणे, आजी, तू बोलून बोलून माझं डोकं खातेस, अर्धं ह्यात लिहीत जा. चौथीपर्यंत शिकलेय मी. अक्षर मोठं येतं, पण येतं.

ता. ४, मंगळवार

घर झकास आहे. तिसरा मजला, दोन खोल्या, गॅसजवळ खिडकी. आतल्या खोलीची एकच भिंत नवी रंगवलेली, बाकी तीन जुन्याच. मी विचारलं, रंग संपला होता का गं? भिंगरी म्हणाली, आधीच्या भाडेकरूनं घाण केली होती.

समोरच्या दारात एक बाई राहते. कशालाही टाळ्या वाजवते. मी सांगितलं की माझी नात उपग्रहावरून धूर बघते, तर हिनं टाळी वाजवली. मग सांगितलं की मी पन्नास वर्षं कापड बेतलंय, त्यालाही टाळी. मी तिचं नाव टाळीवाली ठेवलंय. तिला ठाऊक नाही.

संध्याकाळी भिंगरीनं मला काम समजावलं. तिच्याकडे काचेची पाटी आहे, हातात धरायची. तिच्यावर वरून काढलेले जमिनीचे फोटो येतात. कुठं जंगल पेटलं, कुठं वाळूचं वादळ उठलं, ते तिथं दिसतं. ढग पिंजलेल्या कापसासारखा, पांढरा आणि उंच. धूळ तपकिरीच्या रंगाची. आणि धूर म्हणजे धुऊन धुऊन विरलेलं करडं मलमल, खालची जमीन त्यातून दिसते. मशिनला म्हणे पातळ धूर आणि पातळ ढग ह्यांतला फरक कळत नाही. माणसानंच रोज डोळ्यांनी ओळखून काडीनं त्याच्या कडेकडेनं रेघ मारायची, मग ती रेघ गावोगाव कळवतात, लोक खिडक्या लावून घेतात. सकाळ-संध्याकाळ, ऊन तिरपं असलं की धूर नीट दिसतो.

मी म्हटलं, त्यात काय नवीन! कापडातला दोष बघायचा तर कापड तिरपंच धरतात.

भिंगरीनं मला मिठी मारली.

ता. ६, गुरुवार

आज मी रेघ मारली! माझी स्वतःची!

धुराला तिथं नंबर देतात. हा सत्तेचाळीस. फार लांब एक डोंगर जळला होता, तिथला. आग विझून महिना झाला म्हणे, पण धूर विरला नाही. लांबलचक, चिंचोळा आहे, सुटलेल्या नाडीसारखा, आणि त्याचं टोक बरोबर आपल्या शहराकडे. मी विचारलं, एवढा लांब कसा आला हा? भिंगरी म्हणाली, वारा. तिचे ओठ कोरडे पडले होते. हल्ली नीट जेवत नाही ती. अंगालाही कोंदट, जळकट वास येतो, दोनदा डोकं धुऊनसुद्धा.

काडी हातात आली आणि हात आपोआप चालला. सबंध कडेनं फिरवली, कुठं अडखळ नाही. फक्त एक झालं. बेततानाची सवय. खूण असते तिच्यावर कधी कापायचं नाही, दोन बोटं बाहेरून कापायचं, शिवणीत जाणारं कापड धरून. आणि ज्या अंगाला कपडा वाढणार तिथं तर हमखास. तेव्हा टोकाकडं मी दोन बोटं बाहेरून रेघ नेली. भिंगरीच्या लक्षात आलं, मी बघितलं ना तिच्याकडे. पण ती म्हणाली, छान, आता खाली नाव लिही.

नाव लिहिलं. मोठ्या अक्षरात. तिनं तीनदा वाचून बघितलं.

ता. ८, शनिवार

भिंगरी आठ दिवसांच्या ट्रेनिंगला गेली. अचानकच ठरलं. घराची किल्ली, औषधांची यादी, रोजच्या रेघेची वेळ, सगळं लिहून गेली. जाताना पाया पडली आणि उठेचना. मी म्हटलं, अगं, आठ दिवसांसाठी एवढं काय? रिक्षा हलली तरी मागं वळून बघितलं नाही. रडू येत असेल म्हणून असेल.

चेहरा मात्र उजळला होता पोरीचा. वासही गेला.

ता. ११, मंगळवार

रोज सकाळी माझी रेघ. साडेआठला फोटो येतो, नऊला मी मोकळी. मग टाळीवाली येते, आम्ही चहा घेतो. तिला पाटी बघायची फार हौस. मला एकदा तरी रेघ मारू द्या म्हणून मागे लागलीय. मी म्हटलं, बाई, ह्याला सही लागते, ऑफिसचं काम आहे. भाव खाल्ला थोडा.

भिंगरीचा फोन रोज येतो. आधी जेवलीस का विचारायची, मग रेघ मारलीस का. काल आणि आज उलटं झालं. आधी रेघ. जेवण राहूनच गेलं.

एक गंमत लिहायची राहिली. मी आज जिथं रेघ मारते, उद्या धूर बरोबर तिथंपर्यंत आलेला असतो. पुढं नाही, मागं नाही. दोन बोटं सोडली तर दोन बोटं भरतात. माप चुकत नाही माझं, हेच खरं.

ता. १२, बुधवार

डबीवाली आली. माझ्याजवळ डबी धरली. भिंतींजवळ नाही, माझ्याजवळ. केसांजवळ, मग तोंडाजवळ. आकडा वहीत लिहिला. मी म्हटलं, काय म्हणते डबी? तर म्हणाली की खिडकी उघडी ठेवा किंवा लावा, सारखंच आहे.

बाहेर आभाळ धुतल्यासारखं निळं. टाळीवालीचे कपडे बाहेरच वाळतायत, पांढरेशुभ्र. मी माझा रुमाल तिच्याच दोरीवर टाकला होता. संध्याकाळी काढला तर करडा.

ता. १३, गुरुवार

टाळीवालीबरोबर डोळ्यांच्या दवाखान्यात गेले, दुसऱ्या गावात. बसनं तीन तास, तेही उत्तरेला. तिची बहीण तिथंच राहते, म्हणून मुक्काम केला. खूप हसलो. रेघ सकाळीच मारून निघाले होते.

ता. १४, शुक्रवार

दुपारी परत आले. राहिलेली रेघ मारायला फोटो उघडला.

धुराचं टोक वळलंय. उत्तरेला. जिथं मी काल झोपले त्या गावावर जाऊन थांबलंय, माझ्या रेघेच्या बाहेर, पहिल्यांदाच बाहेर. आणि संध्याकाळच्या फोटोत ते परत फिरलं. इकडं.

गळासारखा आकार झालाय. मासे धरायच्या गळासारखा.

वारा सबंध दिवस दक्षिणेकडून होता, तरी हा वाऱ्याच्या उलट दक्षिणेला परतला. मी टाळीवालीला विचारलं, तिलाही आठवतं. तिची छत्री उलटी झाली होती.

ता. १५, शनिवार

साहेबांना फोन केला. वाटलं, म्हणतील आजी, चहा कमी घ्या. तसं काही म्हणाले नाहीत. तासाभरात घरी आले, एकटेच, आणि गळ बघून मान हलवली. आश्चर्य वाटलेला माणूस अशी मान हलवत नाही.

मी विचारलं की हा माझ्यामागं आहे का. ते म्हणाले, आजी, तुम्ही काम फार नेटकं करता. मी परत विचारलं. तेव्हा त्यांनी पाटीवर एक जुना फोटो दाखवला. एक गाव होतं. त्या दिवशी ह्याला कुणीच रेघ मारली नव्हती, हात धजला नाही कुणाचा. दुसऱ्या दिवशीच्या फोटोत गावावर सगळीकडे धूर, जिथं बघावं तिथं. तिसऱ्या दिवशी धूर परत नाडीएवढा. आणि गावात कुणी दार उघडत नव्हतं. म्हणाले, रेघेत राहिला तर तो एकाच माणसाकडं जातो. रेघ ज्याची, त्याच्याकडं.

चहा मी केला होता. त्यांनी घेतला नाही. खरं तर ह्या घरात ते कधीच काही घेत नाहीत.

ता. १७, सोमवार

रविवारभर पाटी मागं मागं नेऊन जुन्या रेघा बघितल्या. नेता येतं, मला सापडलं. प्रत्येक रेघेखाली नाव.

आधी एक नाव, महिनाभर. शेवटच्या दिवशी टोक ह्याच घरावर. हा तो आधीचा भाडेकरू असणार. मग एक दिवस रेघ नाही, तेच ते गाव. मग भिंगरीचं नाव. नऊ दिवस. टोक परत इकडं वळलेलं, रोज जवळ.

आणि त्यातल्या पाचव्या-सहाव्या दिवशी एक गळ. तसाच. टोक वाट सोडून लांब पश्चिमेला गेलंय, दोन दिवस एका लहान गावावर थांबलंय आणि परत फिरलंय.

ते माझं गाव. तारखा त्याच, ती मला न्यायला आली तेव्हाच्या. माझ्या मांडीवर झोपली होती ना, तेव्हा हा माझ्या छपरावर होता. आणि तिला ठाऊक होतं. बोट धरून झोपली होती पोर.

दहाव्या दिवशी नाव माझं. मोठ्या अक्षरात. केवढ्या हौसेनं लिहिलंय मी.

ता. १८, मंगळवार

रेघ मारली. न मारून काय करू, खाली पोरंबाळं खेळतायत.

हात थरथरला आज. थरथरला म्हणून सवयीनं सांभाळला, आणि सवयीनंच — दोन बोटं सोडली. नाव लिहून झाल्यावर बघितलं. आपली गल्ली, आपलं घर, सगळं रेघेच्या आत.

पुसायचं कुठं असतं ते भिंगरीनं शिकवलंच नाही.

लेकीला फोन केला. मी काही सांगायच्या आधीच म्हणाली, आई, तिच्यावर रागावू नकोस. म्हणजे हिलाही. हिलाही ठाऊक. जा जा म्हणत होती.

ता. १९, बुधवार

आज रेघ धुराला चिकटून मारली. सोडलं काहीच नाही. उपयोग नाही, कालची भरायचीच आहे त्याला. ह्या खेपेला सावकाश भरतोय. पाण्याच्या टाकीपर्यंत आलाय. मी खिडकीतून टाकीकडे बघते, तिथं नुसतं ऊन. पाटीत बघते, तिथं करडं.

उशीला वास येतो. केस, हात, चहा. आरशावर बोट फिरवलं तर रेघ उमटते.

भिंगरीचा फोन आला. आधी रेघ मारलीस का. मी म्हटलं, तुझा गळ बघितला मी. पश्चिमेचा. ती रडत म्हणाली, आजी, वेशीपर्यंत आला होता गं, मला झोपेत खोकल्यातून राख यायची, मी काय करणार होते, आणि तू नाही म्हणाली नसतीस. तू मला कधीच नाही म्हणत नाहीस.

खरं आहे. नसते म्हणाले. मागितलं असतंस तर ह्या हातानं दिलं असतं, वर तुझीच समजूत घातली असती. मग विचारायचं होतंस की गं. मिठी मारून, नेटकं काम म्हणून, सही घेऊन — असं का घेतलंस? चोरलेलं आणि दिलेलं, वस्तू तीच, पण —

ट्रेनिंग कुठं आहे विचारलं. तिनं फोन ठेवला.

ता. २०, गुरुवार

कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानापर्यंत.

टोक आता टोक राहिलेलं नाही. पसरून पोकळ झालंय, बाहीसारखं. मी हजारो बाह्या लावल्यात. बाही नेहमी कुणाच्या तरी हातासाठीच असते —

नवी रंगवलेली भिंत. रंगाखालून काहीतरी वर येतंय. माणसाएवढं. बसलेलं.

ता. २१, शुक्रवार, सकाळ

टाळीवाली आली. तिला वास येत नाही. मी पडून होते, ती म्हणाली, तुम्ही दमलाय आजी, द्या आज मला, मी मारते रेघ, खाली माझं नाव लिहू ना? आणि टाळी.

पाटी तिच्या मांडीवर. काडी तिच्या हातात. साडेआठचा फोटो उघडलेला. मी नुसतं गप्प राहायचं होतं. गप्प राहणं किती सोपं असतं ते मला तेव्हा कळलं. भिंगरीला कसं जमलं तेही कळलं.

ती कडेला काडी टेकवणार तोच मी हिसकून घेतली. ती दुखावली. म्हणाली, एवढा कसला अहंकार बाई, साध्या रेघेचा! दार आपटून गेली. आता यायची नाही.

बरं झालं.

रेघ मीच मारली. नाव मीच लिहिलं.

ता. २१, दुपार

साहेब आणि डबीवाली येऊन गेले. आत आले नाहीत, उंबऱ्याबाहेर उभे. डबी तिथूनच धरली. ह्या खेपेला आकडा लिहिलाच नाही तिनं, डबी बंद करून खिशात टाकली. माझ्याकडे बघितलं. आपणहून काहीतरी सांगेल असं वाटलं, पण साहेबांनी तिच्या खांद्याला हात लावला.

साहेब म्हणाले, रविवारची सकाळची रेघ झाली की पाटी दाराबाहेर ठेवा, काजळी बसून खराब होते. मी विचारलं, पुढची कोण मारणार? म्हणाले, आहे एक. नवीन मुलगी आहे, तिचे वडील तिच्याकडे राहायला येतायत.

मी म्हटलं, साहेब, त्या म्हाताऱ्याला सांगा. निदान विचारा. ते म्हणाले, बघू.

ता. २२, शनिवार

जिना. जिन्यात आहे.

पाटीत जिना दिसत नाही, नुसतं घराचं छप्पर. पण मला — पायऱ्यांचा आवाज नाही, वास आहे, मजल्यामजल्यानं —

भिंगरीचा फोन वाजला. उचलला नाही. परत वाजला. परत. आज काय विचारणार ती, आधी रेघ की आधी —

ता. २३, रविवार

रेघ मारली. रेघ आता कसली, खोलीएवढी. अक्षर नीट येत नाही, दिसत नाही, दुपारचे बारा आणि वहीचं पान करडं —

पाटी बाहेर ठेवली. वहीही ठेवते तिच्यावर. भिंगरे, वाच. रागावले नाही म्हणणार होते, पण खोटं कशाला. रागावले आहे. फार. विचारलं असतंस तर —

त्या म्हाताऱ्याला तरी कुणी —

साहेब आणि डबीवाली परत कधी येणार ते लिहून ठेवते, विसरायला नको. आज का नाही, म्हणून परवा उंबऱ्यावरच विचारलं होतं मी. आज नको म्हणाले. उद्या. सोमवार, ता. २४, सकाळी दहा वाजता, आजी, तुम्ही काळजी करू नका, किल्ली आमच्याकडं आ—